पहिल्या वेच्याचा पांढरा

पांढरा रंग एक नसते. लोकायले हे खरं वाटत नाई. डब्यावर पांढरा लिहून असलं का झाला पांढरा, असं त्यायले वाटते. पन चार पांढऱ्या गाड्या सकायच्या उन्हात एकमेकीच्या बाजूले उभ्या करा अन् पाहा. एक दुधावानी दिसन, एक ताकावानी, एकीले जराशी आस्मानी झाक असन, अन् एक अशी दिसन का कोनी चुलीच्या धुरात ठेवली होती. आर्णीत डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मी इतके वर्स गाड्यायचे बारीक डाग काढले, तवा मले हे समजलं. मले लिहिता येत नाई, सहीपुरतं येते. मी सांगून राह्यली अन् पोरगी लिहून घेऊन राह्यली.

माहे मालक कावियीनं गेले. पोरगी तवा तिसरीत होती. आमचं गाव आर्णीपासून आत, पांदन रस्त्यानं जा लागे. वावर दिराच्या हाती गेलं. त्यायनं मले हाकलून नाई देलं, खोटं कायले बोलू, पन एका चुलीवर दोन घरं किती दिवस शिजतीन. मी पोरीले घेऊन आर्णीत आली, एक खोली घेतली अन् लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाऊ लागली.

कापूस मले लहानपनापासून समजते. दिवाईच्या आगंमागं सीतादई होये, म्हनजे वावरात पहिल्या कापसाची पूजा अन् दहीभाताचा निवद. मंग पहिली वेचनी, तिले आमी पहिला वेचा म्हनतो. त्या कापसाची बरोबरी नाई, पाह्यलं का डोये थंड होते. मंग दुसरा वेचा, तो जरा साईवानी. पराटी, म्हनजे कापसाचं झाड, थकली तरी पानी देऊन ठेवली तं मंग फरदड निंघते, तो कापूस पिवयट. अन् मधात पानी आलं तं भिजलेला, तो राखेवानी. मापाच्या वक्ताले व्यापारी हे सारं अलग करे, तं आमालेही अलग कराची सवय लागली. अंधारात नाई सांगता येनार, पन उजेडात बोंड दाखवलं तं मी सांगू शको कोनत्या वेच्याचं हाये.

पन कापूस चार महिने. उनायात काय खाचं? अन् एका वर्सी माह्यी कंबर धरली. वाकली का उठता येत नसे. बांधाले हात लावून उभी राहो, अन् बाकीच्या बाया तास, म्हनजे पराटीची रांग, संपवून पुढच्या तासाले लागलेल्या राहे. बायायले कामाले नेनाऱ्या मुकडदमानं मले दुसऱ्या दिवशी बोलवलं नाई.

ज्या घराच्या मागच्या खोलीत आमी राहो, ते घर मिस्त्रीचं. स्टँडच्या रस्त्यावर त्याचं गाड्या रंगवाचं दुकान. मानूस उमरखेडकडचा, बोली मराठवाड्याची, आमी 'मले' म्हनो तं तो 'मला' म्हने. त्याच्या बायकोले मी वहिनी म्हनते. वहिनीनं पाह्यलं का मी दोन दिवस झाले घरीच हाये अन् चूल दुपारून पेटतच नाई. तिनं मले काही इचारलं नाई. मिस्त्रीले जाऊन सांगतलं का तुमचा घासनारा मानूस पुन्याले निंघून गेला, अन् तुमचं काम उभ्यानं होते, वाका नाई लागत, तं हिले घ्या. मिस्त्री म्हने, बाईमानूस गाडीच्या कामाले? वहिनी म्हने, घरचे भांडे घासतच हाये ना बाया, गाडी काय मोठं भांडंच हाये.

असं मले काम लागलं.

पहिल्याच दिवशी माही फजिती झाली. एका गाडीच्या दारावर बोटाएवढा खड्डा होता. मिस्त्री खाली बसून तो साफ करून राह्यला होता. मान वर न करता म्हने, "बाई, जरा लांबी द्या."

मले लांबी म्हनजे लांबीच वाटली. तिथं सुतयी पडून होती. मी दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतयी धरली, हातानं मोजली अन् म्हनलं, "भाऊ, दोन हात अन् वर चार बोटं."

मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं. सुतयीकडं पाह्यलं. मंग जो हासला, तो तिथंच मांडी घालून बसला. माह्या पायाजवयच डबा होता, त्यात मळलेल्या कनकीवानी लेप. खड्डा भराच्या त्या लेपाले हे लोक लांबी म्हनते. मले वाटलं आता हा मानूस म्हनन, जा घरी. पन तो उठला, लोखंडाच्या पत्तीनं तो लेप घेतला, खड्ड्यात भरून दाखवला अन् म्हने, पाहा, असा. मंग मले भरा लावला. पुढं कोनी नवीन मानूस दुकानात आला का तो ही गोष्ट सांगे, पन माही मजाक उडवाले नाई. म्हने, माझ्या दुकानात कामाची सुरुवात मोजून झाली.

काम शिकता शिकता लय दिवस गेले. बारीक डागाच्या कामाले टचिंग म्हनते, ते मोठ्या डागापरीस कठीन. मोठ्या डागात सारं दार रंगवता येते. बारीक डागात फक्त तेवढंच कराचं अन् बाजूच्या रंगाले समजू नाई द्याचं. आधी धुवाचं. मंग कापडानं थिनर लावून मेन काढाचं. जंग असलं तं लोखंड दिसेपर्यंत घासाचं, नाई तं रंगाखालून जंग पुन्हा डोकं वर काढते. मंग प्रायमर, लागली तं लांबी, अन् ते वाळलं का पान्यात भिजवलेल्या घासपेपरनं घासत राहाचं. मिस्त्री म्हने, डोये मिटा अन् हात फिरवा. भित पोतारताना आपन तळहातानं खरबडीत जागा शोधतो ना, तसंच ते. हाताले काहीच लागलं नाई का काम झालं. मंग रंगाचा थेंब. त्याच्यासाठी बुरूश नाई. मी फड्याची, म्हनजे झाडूची, एक काडी तोडो, तिचं टोक दाबून नरम करो अन् त्यानं थेंब ठेवो. आखरीले चमक आनाले रबिंग, नरम कापडानं, गोल गोल.

डाग कशानं पडे तं सांगतलं तरी हासू येते. हिवायात बैलाची बंडी वाळल्या पराट्यायनं भरून निंघते, दोन्ही बाजूनं काड्या बाहेर. पांदनीत गाडी समोर आली का ना बंडी हटते ना गाडी, अन् काड्या दारावरून अशा जाते जशा मांजरीच्या नख्या. बाभयीचे काटे अलग. एक बाई तं नवी गाडी घेऊन आली, रडून राह्यली होती. लग्नात लोकायनं गाडीवर हयदीचे हात उठवले होते. मालक घरी याच्या आधी साफ करा म्हनून तिनं तारेची घासनी अन् राख घेतली अन् सारं बोनेट घासलं, तांब्याची परात घासल्यावानी. हयद गेली, रंगही गेला. मिस्त्री तिच्यासमोर हासला नाई. म्हने, ताई, हयद मोठी चिवट असती. ती गेल्यावर मंग आमी दोघं किती हासलो.

सुखाचंच होतं सारं, असं नाई. हिवायात सकायी बादलीतलं पानी बरफावानी लागे. बोटायच्या चामड्या फाटे अन् त्यात थिनर गेलं का जीव डोयात येये. उनायात पत्र्याखाली भट्टी. थिनरच्या वासानं रातभर खोकला. पोरगी शायेतून येये अन् दुकानात उलट्या डब्यावर बसून अभ्यास करे. तिच्या वह्यायले रंगाचा वास लागे, तं पोरी तिच्या बाजूले बसत नसे. तिनं मले हे मोठी झाल्यावर सांगतलं.

अन् लोक बोलत. बाजूच्या चहाच्या ठेल्यावर बसनारे एक दोघं रोजचे. एक दिवस एक जन मिस्त्रीले आवाज देऊन म्हने, "काय मिस्त्री, टचिंग गाडीचंच चालू हाये ना?" सारे हासले. मी घासतच राह्यली. काय करन? पोट ऐकत नाई ना कोनाचं बोलनं. पन घरी जाऊन मी वहिनीले सांगतलं का उद्यापासून मी येत नाई, तुमच्या घराले नाव नको.

वहिनीनं दुसऱ्या दिवशीही मले दुकानात धाडलं. दुपारी डबा घेऊन स्वतः दुकानात आली. रस्त्याच्या कडंले, ठेल्यासमोर, दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर मले बसवलं, एकीवर स्वतः बसली, अन् आमी एका डब्यात जेवलो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरन अन् मिरचीचा ठेचा. जेवता जेवता ती मोठ्यानं माह्या पोरीची चौकशी करे, कापसाचा भाव सांगे, अन् ठेल्याकडं पाहे सुद्धा नाई. असे आठ पंधरा दिवस ती येत गेली. मंग कोनाची बोलाची हिंमत झाली नाई. ती बाई तशी नसती बसली तं मी आज कुठं असती, मले मालूम नाई. त्या खुर्चीचं देनं माह्यानं फिटनार नाई, अन् ते फिटावं असं मले वाटतही नाई.

मंग मिस्त्रीचा डोया बिघडला.

हे एकदम नाई झालं. आधी तो डबे उन्हात नेऊन पाहाले लागला. मंग वासावरून थिनर ओयखू लागला, डब्यावरचं वाचेना. लाल, काया, निया यात काही फरक नाई पडला. पन पांढऱ्यात पडला. अन् आजकाल गाड्या पांढऱ्याच जास्त. एक दोन गिऱ्हाईकं गाडी घेऊन परत आले, का डाग गेला पन दुसरा डाग आला. मिस्त्री म्हने, डब्यातला रंग खराब हाय, कंपनी बदलली पाहिजे. मले दिसे का डबा खराब नाई. तो सारे पांढरे पिवयट बनवून राह्यला होता. पन मिस्त्रीले त्याचा डोया खराब झाला हे कसं सांगाचं? ज्यानं मले घासपेपर धरा शिकवलं त्याले?

घाटंजीचा एक शेठ होता. लग्नात नवरदेवाले बसवाले गाड्या भाड्यानं दे. साऱ्या गाड्या पांढऱ्या. लग्नात पोट्टे गाडीवर चढते, आरतीचं ताट टेकते, फटाक्याचे ठिनगे उडते, तं दर सिझनले त्याच्या गाड्या आमच्याकडं. दुकान त्याच्या कामावर चाले, असंच म्हना. पोरीले तवा यवतमाळले नर्सिंगच्या शिक्षनाले टाकलं होतं अन् पहिलं वर्स होतं. दुकान बसलं असतं तं तिचं शिक्षन तिथंच राहे अन् मी पुन्हा मुकडदमाच्या दारी. मले हे रोज सकायी उठल्यावर आठवे.

एक दिवस शेठ आला, रंगवलेल्या दाराजवय उभा राह्यला अन् म्हने, "मिस्त्री, हयद नवरदेवाले लावाची असते. माह्या गाडीले कायले लावली?"

दारावर बोटाएवढा पिवया ठिपका. उन्हात चांगला चमकून राह्यला होता. शेठ म्हने, परवा या गाडीत नवरदेव बसनार हाये, तवापर्यंत जमलं तं ठीक, नाई तं माह्या साऱ्या गाड्या यवतमाळले जातीन. वाईट तोंडानं नाई बोलला. पन बोलला ते खरं करनारा मानूस होता.

तो गेला. मिस्त्री दारासमोर बसला. लय वेय पाहत राह्यला. मंग हळूच म्हने, "बाई, खरं सांगा. कुठं हाय पिवळं? मला दिसंना."

मी त्याच्या बाजूले बसली. आपल्या मानसाले, तुमी आंधये होऊन राह्यले, हे मी कसं म्हनू. दुसरे शब्द मले येत नव्हते. जे येत होते तेच तोंडातून निंघाले.

"भाऊ, गाडी पहिल्या वेच्याची हाये. तुमी तिले फरदड लावली."

त्यानंही लहानपनी उमरखेडकडं कापूस वेचला होता, हे मले माहीत होतं. त्याले समजलं. मान हालवली. मले वाटलं का आता हा रागावन, नाई तं रडन. त्यानं दोन्ही नाई केलं. खिशातून रुमाल काढून डोये पुसले, जसे काही डोयेच मयले झाले होते, अन् फड्याची काडी माह्या हातात देली.

"मग पहिला वेचा करा," म्हने. "मी सांगतो काय टाकायचं, तुम्ही सांगा काय दिसायलंय."

आमच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाते तं बाभयीच्या फांद्यायले कापूस अडकून राह्यते. मी बाहेर जाऊन त्यातला साफ कापूस काढून आनला. फरदड नाई, भिजला नाई, चांगल्या बोंडाचा. तो गाडीच्या दाराजवय धरला. गाडी कापसापेक्षा जराशी आस्मानी होती. मी तसं सांगतलं. मिस्त्री म्हने, निया, पन काडीच्या टोकाएवढा. मी टाकला. डब्याच्या झाकनावर एक थेंब ठेवला. मी म्हनलं, जमला. मिस्त्री म्हने, वला रंग खोटं बोलतो, वाळू द्या. वाळला तं तो दुसऱ्या वेच्याचा दिसाले लागला, साईवानी. पुन्हा बनवला. कायाचा इवलासा थेंब टाकला तं राखेवानी झाला, पान्यात भिजल्यासारखा. पुन्हा बनवला. झाकनावर मुंग्यायच्या रांगेवानी थेंबाची रांग झाली. उन उतरलं तसा मिस्त्री म्हने, आता सावलीतलं पाहू नका, फसाल, सकाळी पाहू.

सकायी मी रोजच्यावानी पोरीले फोन नाई केला, देवाजवय दिवा लावून सरळ दुकानात गेली. झाकनावरचा एक थेंब अन् गाडीचं दार यात मले फरक दिसेना. मी मिस्त्रीले म्हनलं का हा. तो म्हने, नक्की? मी म्हनलं, पहिल्या वेच्याचा हाये. तो म्हने, तर मग लावा.

जुना पिवया रंग घासून काढला. थेंब थेंब करून मी रंग ठेवला. वाळू देला. मिस्त्रीनं वरून चमकीचं लॅकर मारलं, ते काम त्याचा हात डोये मिटून करे. दुपारून रबिंग केलं.

शेठ आला. गाडीभोवती चक्कर मारली. एकदा इकून, एकदा तिकून. मंग दारावर हात ठेवून म्हने, "इथंच होता ना?" तो हात मागच्या दारावर होता. डाग समोरच्या दारावर होता. मिस्त्री म्हने, तिथंच होता शेठ. शेठ गाडी घेऊन गेला. गाड्या यवतमाळले नाई गेल्या.

त्या दिवसापासून पांढरी गाडी आली का मिस्त्री माह्याकडं पाहे अन् इचारे, "कोणता वेचा?" मी सांगो. तो थेंब सांगे, मी काडी फिरवो. गिऱ्हाईकाले वाटे का आमी कापसाच्या गोष्टी करून राह्यलो. एक जन तं म्हने, मिस्त्री, यंदा कापूस किती होईन तुमचा? मिस्त्रीचं एक एकरही वावर नव्हतं.

असं चाललं. पोरीचं दुसरं वर्स सुरू झालं. तवा वहिनीनं आंगावर घेतलं का मिस्त्रीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कराचंच. तो भीत होता. म्हने, डोळा गेला तर जे दिसतं तेबी जाईल. मीही म्हनलं का करून घ्या. तोंडानं म्हनलं. पन मनात दुसरंच चालू होतं, ते कायले लपवू. त्याचा डोया साफ झाला तं माह्यी गरज काय? घासाले कोनीही भेटते. गावातले जवान पोट्टे भेटते, ज्यायची कंबर दुखत नाई. पोरीचं अजून शिक्षन बाकी होतं. मी देवाले दोन्ही म्हनो, त्याचा डोयाही चांगला होऊ दे, अन् माह्यी भाकरही राहू दे. दोन्ही एका तोंडानं मागताना जीभ अडके.

ऑपरेशन झालं. मिस्त्री काया चश्मा लावून घरी बसला. मी एकटीनं दुकान उघडो, बारीक कामं करो. मंग डॉक्टरनं सांगतलं का आता चश्मा काढा. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, पन कुलूप उघडू देलं नाई. म्हने, बाई, चला माझ्यासंग.

आमी स्टँडच्या मागं गेलो. तिथं शेठच्या गाड्या उभ्या होत्या, लग्नाले निंघायच्या होत्या. सकायचं उन. मिस्त्रीनं आजूबाजूले पाह्यलं अन् म्हने, केवढं पांढरं हाय हे सगळं, बाई. मला वाटत होतं जगच जुनं झालंय. शायेची भित, पोट्ट्यायचे सदरे, साऱ्यायकडं तो पाहे अन् हासे.

मंग गाड्यायजवय गेला. एक एक दार पाह्यलं. "कोणतं केलतं आपण?" म्हने. मी सांगतलं, तुमीच पाहा. त्यानं डोये जवय आनले, मंग हात फिरवला, मंग पुन्हा डोये. एका गाडीच्या मागं त्याले एक जागा सापडली. म्हने, "हा कापूस भिजलाय." मी म्हनलं, हाव भाऊ, त्या दिवशी आभाय होतं. तो म्हने, आभाळात पांढरं करायचंच नसतं. बाकीचे डाग त्याले सापडले नाई. मी एक एक दाखवले. दाखवल्यावरही त्यानं वाकून पाह्यलं अन् मान हालवली.

मले राहावलं नाई. म्हनलं, भाऊ, आता तुमाले दिसाले लागलं. आता माह्यं काय?

"काय म्हणजे?" म्हने. "डोळा परत आला म्हणून हात कापून टाकतेत का कुणी?"

मी पदर तोंडाले लावला.

तेवढ्यात शेठ आला. त्यानं आमाले गाड्यायमधात पाह्यलं अन् इचारलं का काय चाललं, काही राह्यलं का. मिस्त्रीनं त्याले त्या दारापाशी नेलं, नवरदेवाच्या गाडीच्या, अन् सांगतलं का ते दार मी नाही केलं, बाईनं केलं, तवा मला दिसत नव्हतं. तेव्हापासूनचं सारं पांढरं बाईनंच केलंय. मी खाली पाहत राह्यली. बाईच्या हाताचं काम म्हनून शेठ आता काय म्हनन, मले समजेना. घाटंजीचे दोन ड्रायव्हर तिथं उभे होते, तेही ऐकून राह्यले होते.

शेठनं दार पाह्यलं, मले पाह्यलं.

"मंग इतके दिवस मी शिव्या कोनाले देल्या?" म्हने.

मिस्त्री म्हने, "मला दिल्या, तेच बरं केलं. बाईनं ऐकून घेतल्या नसत्या."

ड्रायव्हर हासले. शेठही हासला. त्यानं आजवर मले कधी आवाज देला नव्हता, जे सांगाचं ते मिस्त्रीले सांगे. आता तो दुसऱ्या गाडीजवय गेला, बोनेटवर खडा लागून रंग उडाला होता, तिथं बोट ठेवलं अन् माह्याकडं पाहून म्हने, "माय, हे पाहा बरं. वरातीच्या आधी होईन का?"

मी मिस्त्रीकडं पाह्यलं. तो दुसरीकडंच पाहत उभा होता, मुद्दाम. मंग मी पुढं झाली, त्या जागेवरून हात फिरवला, उन कुठं हाये ते पाह्यलं अन् म्हनलं, "होईन. गाडी दुकानाजवय आना."